खिडक्या काढा, पण सूनबाई माहेरी गेल्यावर

प्रश्न : आमचे घर बेळगावात शहापूर भागात आहे. माझ्या सासऱ्यांनी ते १९५० च्या सुमारास बांधले. घराला अकरा खिडक्या असून सगळ्या सागवानी, दोन झडपांच्या आणि लोखंडी गज असलेल्या आहेत. दर चार-पाच वर्षांनी आम्ही त्यांना ऑइलपेंट लावत आलो. आता झडपा नीट बसत नाहीत आणि पावसाचे पाणी आत येते, म्हणून चौकटी व भोवतालच्या पट्ट्यांसकट सगळे काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडक्या बसवायचे ठरवले आहे. सून पाच महिन्यांची गरोदर असून सातवा लागला की दोन वर्षांच्या नातवाला घेऊन ती निपाणीला माहेरी जाईल. त्याआधीच, गणपती झाल्यावर काम काढून दसऱ्याच्या आत उरकावे असा बेत आहे. मात्र अमेरिकेत असलेल्या पुतण्याने फोनवर सांगितले की जुन्या रंगात शिसे असते आणि गरोदर बाईने अशा कामाच्या ठिकाणी थांबू नये. आमचा पेंटर यावर हसतो. तीस वर्षे रंग खरवडतोय, मला काय झाले, असे म्हणतो. कोणाचे खरे मानावे? शिवाय निघालेले लाकूड बंबाला वर्षभर पुरेल असे घरच्यांचे म्हणणे आहे, त्याबद्दलही सांगावे.
– एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : पुतण्याचे खरे मानावे, आणि ते लाकूड बंबात घालू नये. खिडक्या बदलायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुम्ही ठरवलेल्या क्रमाला. सून आणि नातू घरात असताना खिडक्या काढायच्या आणि ती दोघे माहेरी गेल्यावर घर शांत ठेवायचे, हा बेत नेमका उलटा करावा. ती निपाणीला गेल्यावर काम काढावे आणि बाळबाळंतीण परत येण्याच्या पुरेसे आधी ते संपवून घर धुऊन-पुसून घ्यावे. आपल्याकडची माहेरी जाण्याची रीत अशा कामासाठी आयती सोय आहे, आणि परतीचा पाऊसही तोवर संपलेला असेल. सप्टेंबरात भिंतीला अकरा भोके पाडून ठेवण्यात तसेही शहाणपण नाही. बेळगावच्या पावसाचा भरवसा कोणी द्यावा?

आता कारणे सांगतो, कारण ती कळल्याशिवाय घरातली मंडळी आणि तुमचा पेंटर ऐकणार नाहीत.

पूर्वीच्या तैलरंगात शिशाची संयुगे मुद्दाम घातली जात. पांढऱ्या रंगातला सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, लोखंडाच्या पहिल्या हातात वापरला जाणारा भडक नारिंगी शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि पिवळ्या व हिरव्या छटांसाठी शिशाचा क्रोमेट वापरला जाई. त्याखेरीज रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत. काचा बसवायची आणि लाकडाच्या भेगा भरायची जी लांबी जुने पेंटर स्वतः मळत, तिच्यातही खडूची भुकटी आणि अळशीच्या तेलाबरोबर पुष्कळदा सफेदा असे. तेव्हा तुमच्या चौकटींवर जे पंधरा-वीस थर साचले आहेत, त्यांतील खालच्या थरांत शिसे नाही असे गृहीत धरण्यास मला काहीही आधार दिसत नाही.

इथे पुतण्याच्या सांगण्यात एक भर घालायला हवी. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणून तिकडचा सगळा सल्ला ‘१९७८ पूर्वीचे घर’ या शब्दांनी सुरू होतो, आणि तो वाचून आपल्याकडचे लोक आपले घर १९९० चे आहे म्हणून निर्धास्त होतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, म्हणजे ९० पीपीएमपेक्षा, जास्त नसावे असा बंधनकारक नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाला आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, अमलात आला. त्याआधी मानके होती, पण ती ऐच्छिक होती. म्हणजे आपल्यासाठी सीमारेषा २०१७ ची आहे. तुमच्या घराचा तर प्रश्नच नाही, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या टिळकवाडीतल्या किंवा खानापुरातल्या एखाद्या वाचकाचा फ्लॅट २००५ चा असेल, तरी त्याच्या दारा-खिडक्यांच्या ऑइलपेंटला हेच लागू होते. भिंतींवरचा चुना किंवा डिस्टेंपर यांची काळजी त्या मानाने कमी. लाकूड आणि लोखंड यांवरचा चकचकीत रंग हा मुख्य संशयित आहे.

भिंतीवर किंवा दारावर घट्ट चिकटून बसलेला, न पोपडलेला रंग फारसे नुकसान करत नाही. तो धूळ झाला की नुकसान सुरू होते. घरातल्या सगळ्या लाकूडकामात खिडकी सर्वांत वाईट ठरते, कारण ती दररोज उघडझाप होताना झडप चौकटीला घासते आणि रंगाची पिठासारखी भुकटी खालच्या फळीवर पडत राहते. पावसाने लाकूड फुगले की घासणे वाढते, उन्हाने सुकले की पोपडे सुटतात. तुमच्या एखाद्या खिडकीचा खालचा कोपरा, जिथे कडीचा दांडा भोकात उतरतो तिथे, बोट फिरवून पाहा. बोटाला जी राखाडी-पांढरी बुकटी लागते तिच्यात नुसती रस्त्याची धूळ नसते. आता त्याच कट्ट्यावर चढून, दोन्ही हातांनी गज धरून रस्त्यावरची गाडी बघत उभा असलेला तुमचा नातू डोळ्यांसमोर आणा. त्या वयात हात तोंडात जातो आणि गजही तोंडात जातो.

मुलांची अडचण दुहेरी आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा भाग शोषला जातो, तर लहान मुलाच्या शरीरात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाऊ शकते. आणि शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते. मेंदूची वाढ होण्याच्या वयातच हे घडते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. गरोदरपणात शिसे आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत जाते. एवढेच नव्हे, तर आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसेसुद्धा त्या काळात हाडांतून कॅल्शियम निघते तसे त्याच्याबरोबर रक्तात उतरते. म्हणून सूनबाईंना ‘तू फक्त वरच्या खोलीत बस’ असे सांगून भागणार नाही.

पेंटरच्या हसण्याबद्दल मला त्याचा राग येत नाही, त्याची काळजी वाटते. शिशाची बाधा विंचू चावल्यासारखी कळत नाही. अधूनमधून पोट दुखणे, बद्धकोष्ठ, थकवा, रक्त कमी असणे, रक्तदाब वाढणे, पुढे मूत्रपिंडावर परिणाम होणे, मनगटात जोर न राहणे, ही सगळी लक्षणे दुसऱ्या कशावर तरी ढकलता येतात आणि ती ढकलली जातातच. तीस वर्षांत त्याने रक्तातले शिसे एकदाही तपासले नसेल, तर ‘मला काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळही नाही. अंगावरच्या कपड्यांतून तो ही धूळ स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलांपर्यंत नेतो, हे मात्र त्याला शांतपणे सांगून पाहा. मुलांचा विषय निघाला की माणूस हसणे थांबवतो असा माझा अनुभव आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन-तीन खिडक्यांवरचे रंगाचे तुकडे सगळ्या थरांसकट, थेट लाकडापर्यंत काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. नमुना किती लागतो आणि शुल्क काय, हे आधी विचारून घ्यावे. अमेरिकेत वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ५००० पीपीएम शिसे असले की तो रंग शिशाचा मानतात. अहवाल आल्यावर हा आकडा आणि आपला ९० चा आकडा दोन्ही समोर ठेवून पाहावे. ऑनलाइन मिळणाऱ्या, रंगावर घासून पाहायच्या कांड्यांवर मी विसंबणार नाही. त्या वरच्या थराला लागतात आणि शिसे असते खाली, त्यामुळे ‘नाही’ असे आलेले उत्तर खोटे असू शकते. मला विचाराल तर १९५० च्या घरासाठी तपासणीवर पैसे घालवण्यापेक्षा शिसे आहेच असे धरून चालावे आणि ते पैसे प्लॅस्टिक, मास्क व जादा मजुरीवर खर्च करावेत.

आता सगळ्या अकरा खिडक्या चौकटीसकट काढायलाच हव्यात का, याचा एकदा थंड डोक्याने विचार करा. जुन्या सागवानाची चौकट, जिचे सांधे अजून हलत नाहीत आणि जिला वाळवी लागलेली नाही, ती उपटून त्या जागी प्लॅस्टिकची चौकट बसवणे मला पटत नाही, आणि धुळीच्या दृष्टीनेही ते महागात पडते, कारण सर्वांत जास्त धूळ भिंतीतून चौकट सोडवतानाच उडते. ज्या चौकटी शाबूत आहेत त्यांच्या फक्त झडपा बदलाव्यात, झडप जिथे घासते ती खाच ओली करून साफ करून घ्यावी, आणि उरलेल्या भागावर जुना रंग न खरवडता, नुसता पुसून व पोपडे बसवून, नवा हात द्यावा. घट्ट झाकलेला जुना थर आपल्या जागी पडून राहू द्यावा. घासणाऱ्या भागावर मात्र नुसता रंग चढवून उपयोग नाही; चार महिन्यांत तो पुन्हा झिजतो. पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा खाल्लेल्या खिडक्यांच्या चौकटी कुजल्या असतील, तर त्या काढण्याला इलाज नाही. सुताराला घेऊन एकेक चौकट पेचकसाने टोचून पाहा. अकराच्या ऐवजी चार-पाचच निघाल्या तर अर्धी धूळ आणि बराचसा खर्च तिथेच वाचेल.

सून माहेरी जाईपर्यंतच्या आठवड्यांत फार काही करायचे नाही. खिडक्यांच्या फळ्या आणि त्याखालची फरशी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दर दोन दिवसांनी पुसावी. हे काम तुम्ही करावे, सुनेने नव्हे. जिथे पोपडे सुटले आहेत तिथे रुंद चिकटपट्टी लावून टाकावी. नातवाची गादी आणि खेळणी खिडकीपासून लांब न्यावीत आणि जेवणापूर्वी त्याचे हात धुवावेत. हवीच असेल तर त्याच्या आहारात नाचणी आणि पालेभाजी वाढवावी, पण ती या बाकीच्या खबरदारीच्या बदल्यात नव्हे.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेत २०१० पासून अशा घरांत काम करणाऱ्या ठेकेदाराला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. आपल्या सुतार-पेंटरला असे शिक्षण कोणी दिलेले नसते, त्यामुळे काम ठरवतानाच अटी बोलून, शक्य तर कागदावर लिहून घ्याव्यात. तीन गोष्टींना साफ नकार द्यावा. ब्लोलॅम्पने रंग जाळायचा नाही, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते आणि ती श्वासावाटे सरळ रक्तात जाते. तिकडच्या नियमांत उघड्या ज्योतीला पूर्ण बंदी आहे आणि हीटगनसुद्धा ५९३ अंश सेल्सिअसच्या वर चालवू देत नाहीत. कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, हाताने नाही आणि मशीनने तर नाहीच. आणि चौकट काढायला कटर मशीन लावायचे नाही. या तिसऱ्या अटीवर सुतार कुरकुर करणार हे धरून चाला. मशीनने जे काम वीस मिनिटांत होते त्याला हाताने दोन तास लागतात, आणि ते दोन तास तुम्ही मजुरीत धरले पाहिजेत, नाहीतर तुमची पाठ वळताच मशीन सुरू होईल.

एका वेळी एकच खोली धरावी. त्या खोलीतले सामान बाहेर काढावे. जे हलत नाही ते प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. खिडकीखाली आणि दोन्ही बाजूंना किमान सहा फूट जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो दीडशे मायक्रॉनचा चालेल. पंखा बंद, खोलीचे दार बंद, दारावर प्लॅस्टिकचा पडदा. बाहेरच्या बाजूला दहा फूट कागद अंथरावा असे तिकडचे माप आहे. शहापूरच्या बोळात दहा फुटांवर शेजाऱ्यांचा ओटा लागतो, हे मला माहीत आहे. तिथे कागद जमिनीवर जितका मावेल तितका घालून पुढे बांबूंवर उभा पडदा करावा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून त्यांच्या खिडक्या लावून घ्यायला व वाळत घातलेले कपडे काढून ठेवायला सांगावे. परसात विहीर असेल तर ती झाकावी. वारा जोराचा असेल त्या दिवशी काम करू नये.

काढण्याची सुरुवात झडपांपासून करावी. बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या असतात. त्यांवर पाण्याची फवारणी करून टोकदार पेचकसाने खाच मोकळी केली की स्क्रू सहसा फिरतो. भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब घातलेले पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून ती माणसाच्या हाताशीच ठेवावी आणि जिथे हत्यार लागणार तिथे आधी पाणी मारावे. मात्र विजेचे बोर्ड आधी झाकावेत. झडप सुटली की तिथल्या तिथे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी. मग चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यावर, तसेच भोवतालच्या पट्ट्यांच्या कडांवर, धारदार सुरीने रेघ ओढावी, म्हणजे पट्टी उचकटताना रंगाचे पापुद्रे फुटून उडत नाहीत. तुमच्या काळातल्या चौकटी भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्टीने) किंवा चौकटीची शिंगेच बांधकामात घालून पक्क्या केलेल्या असतात. तेवढ्या जागचा गिलावा पाणी मारून छिन्नीने फोडावा, पकड सैल करावी आणि चौकट अखंड बाहेर ओढावी. कापायची वेळ आलीच तर हातकरवतीने, एकाच ठिकाणी, सतत पाणी मारत कापावी. बाहेर काढलेली चौकट घरातून मिरवत नेऊ नये. शक्य असेल तिथे ती त्याच भोकातून बाहेरच्या बाजूला उतरवावी. गज चौकटीत बसवलेले असतील तर ते चौकटीबरोबरच जाऊ द्यावेत. भंगारवाल्याच्या चार पैशांसाठी ते ठोकून काढत बसू नये.

कामगारांना साधा कापडी मास्क देऊन आपले कर्तव्य संपले असे समजू नका. निदान एन-९५ द्यावा, तोही नीट बसलेला. पी-१०० चे, म्हणजे त्याहून बारीक धूळ अडवणारे, गाळणे असलेला अर्ध-चेहऱ्याचा मास्क मिळाला तर उत्तम. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे दर तासाला काम थांबते ते तंबाखू मळायला, आणि रंगाच्या धुळीने माखलेल्या तळव्यावर अंगठ्याने चुना-तंबाखू मळून ती ओठाखाली ठेवण्याइतका शिसे पोटात घालण्याचा सरळ मार्ग दुसरा नाही. निपाणीच्या तंबाखूच्या या मुलखात ती बंद करा असे सांगणारा मी कोण? पण हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, विडी, चहा काहीही नाही, एवढे सांगा, आणि त्यासाठी बादली, साबण व जुना टॉवेल कामाच्या जागेबाहेर ठेवा. कामाचे कपडे तुमच्याकडेच ठेवून ते वेगळे धुवावेत.

दर दिवसाअखेर आणि शेवटी साफसफाई करताना झाडू घरातून हद्दपार करावा. कोरड्या झाडूने ही धूळ फक्त जागा बदलते. साधा व्हॅक्यूम क्लीनरही चालत नाही, कारण बारीक कण त्याच्या पिशवीतून मागच्या बाजूने हवेत येतात, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा खरा हेपा गाळणीचा व्हॅक्यूम मिळाला तर वापरावा. नाहीतर ओल्या फडक्यांवरच भिस्त ठेवावी. आधी प्लॅस्टिकवर पाणी फवारून ते मळकी बाजू आत करून घडी घालावे व पिशवीत बांधावे. मग भिंती वरून खाली, नंतर कट्टा, शेवटी फरशी, असे पुसत यावे. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत पिळायला स्वच्छ पाणी, आणि ते खोलीगणिक बदलायचे. हे पाणी तुळशीला, अळवाला किंवा विहिरीजवळ ओतायचे नाही. ते संडासात ओतावे. शहाबादी फरशीच्या सांध्यांत धूळ दडते, तिथे जुन्या दातघासणीने घासून पुन्हा पुसावे. सगळे वाळल्यावर टॉर्च फरशीलगत आडवी धरून पाहावी आणि पांढरे ओले फडके कट्ट्यावर फिरवावे. ते मळले तर पुन्हा पुसावे. वापरलेली फडकी धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नयेत. बाहेर खिडकीखालच्या मातीत पडलेले पोपडे वेचून घ्यावेत, आणि त्या पट्ट्यात कोथिंबीर, मेथी किंवा अळू लावू नये.

आता बंब. लाकूड जळते, शिसे जळत नाही. त्यातले काही धुरावाटे बारीक कण होऊन न्हाणीघरात आणि परसात पसरते आणि बाकीचे राखेत उरते. ती राख मग भांडी घासायला जाते, केळीच्या बुडाशी जाते, आणि शेजारी मागायला आले तर त्यांच्याकडेही जाते. वर्षभराच्या आंघोळीच्या पाण्याची बचत या हिशेबात बसत नाही. हे लाकूड चुलीतही नको, होळीतही नको, आणि कामगाराने ‘मी घेऊन जातो’ म्हटले तर त्याला का देत नाही हे सांगावे. जुन्या सागवानाला बाजारात किंमत आहे हे खरे, पण घेणारा ते गिरणीत नेऊन रंधा मारणार आणि तुमच्या घरातली धूळ तिथल्या पोरांच्या नाकातोंडात जाणार. विकायचेच असेल तर रंगात शिसे असल्याचे स्पष्ट सांगून विकावे. कुजलेले तुकडे गुंडाळून, इतर राडारोड्यात न मिसळता, महापालिकेच्या प्रभागातील आरोग्य निरीक्षकाला विचारून द्यावेत. रंगाचे पोपडे, फडकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर चिठ्ठी लावावी. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे रंगाचे डबेही इतर कचऱ्यापासून वेगळे द्यावे लागतात, त्याच वाटेने हेही जाऊ द्यावे. एखाद्या चौकटीवर कोरीव गणेशपट्टी असेल आणि ती ठेवायची इच्छा असेल, तर ती खरवडून ‘मूळ लाकूड’ दाखवण्याचा मोह टाळून आहे त्या रंगावर व्हार्निशचा हात देऊन ठेवावी.

नातवाच्या रक्तातले शिसे एकदा तपासून घ्यावे असे मी सुचवीन, काम सुरू होण्यापूर्वीच. त्याने आजवर त्या कट्ट्यावर दोन वर्षे काढली आहेत. नमुना शिरेतून घेतलेला असावा, कारण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळते. बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालेल. या विषयाचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात उभे राहिले आणि डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी त्यासाठी मोठे काम केले, हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हरकत नाही. अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी एका डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा ओलांडला की घरात कारण शोधायला लागतात. शिसे बाहेर काढण्याची औषधे सहसा ४५ च्या वर गेल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात, तेव्हा थोडा जास्त आकडा आला म्हणून घाबरू नये आणि रक्तशुद्धीच्या नावाखाली कोणी दिलेली भस्मे तर मुळीच घेऊ नयेत. त्यांतल्या नागभस्माचा कच्चा माल शिसेच असतो. सूनबाईंचीही तपासणी करावी का, हे त्यांच्या प्रसूतितज्ज्ञांनी ठरवावे.

राहता राहिल्या नव्या खिडक्या. यूपीव्हीसी पक्के राहावे म्हणून काही उत्पादक त्यातही शिशाचे क्षार घालत आले आहेत. अखंड चौकटीतून ते सहज बाहेर पडत नाहीत, पण बसवताना ती कापली जाते. म्हणून दुकानदाराकडून शिसेविरहित, कॅल्शियम-झिंक वापरलेला माल असल्याचे बिलावर लिहून घ्यावे आणि कापाकापी घराबाहेर करून घ्यावी. ज्या सागवानी चौकटी ठेवाल त्यांच्यासाठी आणि ग्रिलसाठी रंग घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख आहे का ते वाचावे. २०१६ चा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना तो लागू नाही, आणि फॅब्रिकेशनवाले ग्रिलला पुष्कळदा तोच औद्योगिक रंग लावून आणतात. तेव्हा ग्रिल कोरी मागवावी, रंगाचा डबा स्वतः आणावा आणि काम संपेपर्यंत तो रिकामा डबाही जपून ठेवावा.